अडलेलं आमेन

आत्यांनी आमेन म्हटलं नाही.

ते लगेच कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्याऐवजी गवंड्यानं म्हटलं. गवंडी घरातला नव्हता. तो नवा पाय बसवून बघायला आला होता. कृत्रिम पायांच्या कारखान्यातल्या, चालून बघायच्या दोन समांतर दांड्यांच्या मधोमध, एक पाय देवाचा आणि एक पाय पायवाल्यांचा अशा अवस्थेत तो उभा असताना घरची मंडळी आत आली, जागा मिळेल तिथे बसली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. अर्धवट बांधलेल्या पट्ट्यांनिशी जायचं कुठे हे न कळून गवंडी तिथेच थांबला. सगळे आमेन म्हणाले तेव्हा सभ्यपणे तोही म्हणाला.

"झालं," म्हणत पायवाल्यांचे चिरंजीव उठले.

"बस खाली," कारखान्याचे मालक पायवाले म्हणाले. त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते. "ठमीचं आलं नाही."

ठमी म्हणजे आत्या, पायवाल्यांची धाकटी बहीण. साठी उलटलेल्या, कारखान्यातलं चामड्याचं सगळं काम एकहाती सांभाळणाऱ्या बाईला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस आत्ता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत उजवा पाय स्टुलावर टाकून बसलं होतं. पायावर टॉवेल होता. टॉवेलाखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि टॉवेल उचलायची परवानगी कुणालाच नव्हती. खोलीत एक वास होता. या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना त्या वासाचं नाव माहीत होतं. ते आज कुणी घेतलं नाही.

भिंतीवर ओळीनं तयार पाय टांगलेले होते. लहान, मोठे, गुडघ्यासकट, गुडघ्याविना. पायवाल्यांच्या डोक्यावर नेमका एक गुडघ्यासकटचा लटकत होता. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोनदा खुर्ची सरकवायचा प्रयत्न केला होता, पण पायवाल्यांनी सरकू दिली नाही.

आता, या घरात एकाचं आमेन अडलं म्हणजे काय होतं, ते गवंड्याला कळणं शक्य नव्हतं. कारखाना काढणाऱ्या आबांनी, आपली तिन्ही मुलं भांडतात म्हणून, एक नियम घालून दिला होता. कुठलीही मोठी गोष्ट सगळ्यांनी मिळून प्रार्थना केल्याशिवाय ठरवायची नाही, आणि शेवटी सगळ्यांचं आमेन एकदम यायला हवं. एकाचं जरी राहिलं तरी पुन्हा बसायचं. त्यामुळे भांडणं थांबतील अशी आबांची भाबडी समजूत होती. भांडणं डोळे मिटून होऊ लागली, इतकाच फरक पडला. "प्रभू, ज्यांना दुसऱ्याचा शब्द मधेच तोडायची खोड आहे त्यांना तू सहनशीलता दे," असं वहिनी म्हणाल्या की सगळ्यांच्या मिटलेल्या पापण्या आत्यांच्या दिशेनं वळत. घराला रंग कुठला द्यायचा यावरून एकदा देवाला इतकी सविस्तर माहिती पुरवण्यात आली होती, की त्यानं स्वतःच ब्रश हातात घेतला असता तरी कुठे अडलं नसतं.

हे सगळं ठीक होतं. पण मधल्या वर्षांत त्या नियमाला एक वेगळीच फांदी फुटली होती. सगळ्यांचं आमेन आलं की घर त्या शब्दाला बांधलं गेलं, एवढंच आबांना म्हणायचं होतं. पुढच्या पिढीला वाटू लागलं की आता देवही बांधला गेला. आबा प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी 'मग तुझी इच्छा असेल तसं' म्हणत. पायवाल्यांच्या हाती घर आल्यावर त्यांनी ते शब्द काढून टाकले. ही पळवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. 'जमलं तर पाय करून देईन' असं गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते दुसरं दुकान गाठेल. मग देवाशीच असं गुळमुळीत का बोलायचं?

आजची प्रार्थना पाळककाकांनी केली होती. भावंडांत ते शेंडेफळ. चर्चमध्ये त्यांचा आवाज मागच्या बाकावर झोपलेल्यालाही उठवत असे. थोरल्या भावासमोर मात्र तोच आवाज पाढे न आलेल्या मुलाचा होई. हा पाय आहे तसा, आहे तिथे, सुरी न लागता बरा व्हावा असं त्यांनी मागितलं होतं, आणि देवाचा गोंधळ होऊ नये म्हणून कुठली कुठली बोटं तेही सांगितलं होतं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुला ऐकू नाही आलं का?"

"आलं की. ऐकू आलं म्हणूनच म्हटलं नाही."

"बाबा," सूनबाई मधे बोलल्या. त्या मोठ्या रुग्णालयात नर्स होत्या आणि गाडीची किल्ली त्यांनी मुठीतच धरली होती. "खाट आज संध्याकाळपर्यंतच ठेवलीय. सर्जनबाई म्हणाल्या, आज आलात तर गुडघा वाचेल कदाचित. उद्यावर गेलं तर गुडघ्याचं काही खरं नाही. त्याच्या पुढे गेलं तर..."

"सूनबाई, इथे प्रार्थना चाललीय."

"म्हणून तर बोलतेय. एरवी तुम्ही बोलू देत नाही."

चिरंजीवांनी बायकोकडे बघितलं आणि बूट पुसल्यासारखं केलं. चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थांना सगळा बाजार अजून चिरंजीवच म्हणत असे, आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. साचे तेच ओतत, प्लास्टर तेच घासत, पण शेवटचा हात फिरवायला बाबा लागत. बाबांचा पाय बरा व्हावा असं या घरात सगळ्यांत मनापासून कुणाला वाटत असेल तर चिरंजीवांना. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या पायावर उभं होतं.

"मी करतो प्रार्थना," ते म्हणाले. "छोटीशी."

ती खरोखर छोटी होती. "देवा, बाबांना बरं कर, आत्ताच्या आत्ता, आणि ज्यांच्या मनात शंका आहे त्यांची शंका काढून टाक."

आमेन. आमेन. आमेन. सूनबाईंनीही म्हटलं, शेवटी सासरा होता. गवंडी यावेळी सावध होता. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

आत्या गप्प.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"मग तो एवढा लागतो कशाला?"

"घर एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला. बरं दिसतं का?"

"मी एका बाजूला नाही वहिनी. मी इथेच बसलेय, त्याच्या पायाशी. आणि मी उठणारही नाही."

हे आत्यांनी अशा आवाजात सांगितलं, की पाळककाकांनी उगाच खिडकीकडे बघितलं. तो आवाज त्यांना लहानपणापासून माहीत होता. ओलं चामडं साच्यावर ताणून खिळे मारताना ताईचा चेहरा असाच व्हायचा. ताणलेलं चामडं सुकेपर्यंत ती सोडत नसे.

पायवाल्यांनी डोळे उघडले. "सांग. काय अडलंय तुझं?"

"आई."

"आईच्या वेळीही आपण देवाला असंच बांधून ठेवलं होतं," आत्या म्हणाल्या. "ही उठणार म्हणजे उठणार. सगळ्यांचं आमेन झालं. मग ती म्हणाली, 'मी आता निघते रे', तर तू म्हणालास, असं बोलायचं नाही, विश्वास ढळतो. तिला काहीतरी सांगायचं होतं, दादा. मी उशाशी होते. ती तोंड उघडायची आणि आपण गाणं सुरू करायचो. सगळे, सुरात. शेवटी तिनंही आपल्याबरोबर म्हटलं बिचारीनं, आणि गेली. काय सांगायचं होतं, माहीत आहे तुला?"

"नाही."

"मलाही नाही."

पायवाल्यांनी खुर्चीचे हात आवळले. "तेव्हा कुणाचा तरी विश्वास कमी पडला."

"कुणाचा?"

बोलल्या त्या वहिनी, आणि त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की आधी कुणाला कळलंच नाही.

"माझा," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी माझं आमेन मागाहून आलं होतं. बाळ रडत होतं, त्याला घेऊन मी आत गेले होते. परत येईपर्यंत तुमचं सगळ्यांचं म्हणून झालं होतं. मी दारात म्हटलं. इतकी वर्षं मी हेच समजत आलेय."

"बाळ म्हणजे मी?" चिरंजीवांनी विचारलं.

आत्यांनी वहिनींकडे बघितलं. या बाईशी त्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून झोपायच्या खोलीच्या पडद्यापर्यंत कशाकशावरून भांडल्या होत्या, आणि यातलं एक अक्षर त्यांना माहीत नव्हतं. वहिनींचा हात त्यांनी धरला. वहिनींनी तो काढून घेतला नाही. हे या घराच्या इतिहासात नवीन होतं, आणि पायवाल्यांनी ते पाहिलं. आपली बाजू एका माणसानं कमी झाली हे त्यांना न सांगता कळलं.

"अगं, तुला कुणी कधी बोललं का?" ते बायकोला म्हणाले.

"बोललं नाही कुणी. पण 'नाही, तुझ्यामुळे नाही' असंही कुणी म्हटलं नाही."

पायवाल्यांनी धाकट्या भावाकडे मोर्चा वळवला. "तू पाळक आहेस ना? सांग की हिला. विश्वासानं मागितलं की मिळतं का नाही?"

"मिळतं," पाळककाका म्हणाले. "म्हणजे, तसं आहे."

"आणि बागेत?" आत्यांनी विचारलं.

"कुठल्या बागेत?"

"तुला माहीत आहे कुठल्या ते. धरून न्यायच्या आधी प्रभू गुडघ्यावर बसला होता त्या बागेत. काय मागितलं त्यानं?"

पाळककाकांनी यावर आजवर भरपूर प्रवचनं केली होती आणि त्यांतली काही लांबल्याबद्दल मंडळीनं नाराजीही कळवली होती. आज ते एका वाक्यात आटपले. "हे दुःख माझ्यावरून टळू दे म्हणाला."

"टळलं?"

"नाही."

"मग पुढे काय म्हणाला?"

पाळककाकांनी थोरल्या भावाकडे बघितलं, आणि मग त्याच्या पायावरच्या टॉवेलाकडे. "म्हणाला, पण मला हवं तसं नको. बापाला हवं तसं होऊ दे."

"म्हणजे त्याचा विश्वास कमी पडला का रे?"

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि भिंतीवरचे सगळे पाय जरा जरा हलले. पाळककाकांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना थोरल्या भावाचा चेहरा नीट दिसत नसे; बहुधा त्यामुळेच ते पुढचं बोलू शकले.

"दादा, मी मघाशी प्रार्थना केली ना, ती तुला ऐकवायला केली. देवाला ती ऐकू गेली असेल तर मला लाज वाटेल."

पायवाल्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुमचं सगळ्यांचं म्हणणं काय? माझा पाय कापला जावा ही देवाची इच्छा आहे?"

"ते मला माहीत नाही," आत्या म्हणाल्या. "मला कुठे कळवलंय त्यानं? कुणालाच कळवलेलं नाही. तू मात्र त्याला कळवून बसलायस. चमत्कार तेवढा त्याच्याकडून येणार, आणि सर्जनबाई, ही पोर, ती बाहेर उभी असलेली गाडी, ही सगळी काय सैतानानं पाठवली? त्यानं कुठल्या दारानं यायचं हेही तूच सांगणार?"

"मी मागायचंच नाही का मग?"

"मागायचं! घसा बसेपर्यंत मागायचं. मी मागत नाही असं वाटतं तुला? जखम झाली तेव्हापासून मागतेय. चामडं शिवताना मागतेय, सुई बोटात घुसेपर्यंत मागतेय. ऐक, तुझ्यासमोरच मागते."

आणि आत्यांनी वाकून टॉवेल उचलला.

कुणी श्वास घेतला तर कुणी सोडला. चिरंजीवांनी मान फिरवली. सूनबाईंनी मात्र पुढे होऊन नीट पाहिलं आणि ओठ आवळले. बोटं काळी पडली होती, हे सगळ्यांना अपेक्षित होतं. काळेपणा घोट्याकडे निघाला आहे, हे अपेक्षित नव्हतं.

आत्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या पायाकडे बघतच बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा.

"बापा, हा पाय मला हवा आहे. हा माझ्या भावाचा आहे. याच पायाच्या मागे मागे मी शाळेत गेले. हा आत्ता, इथे, सगळ्यांसमोर बरा करायचा असेल तर कर, मी ओरडून सगळी गल्ली गोळा करीन. मला तो तसाच हवा आहे, मी खोटं बोलणार नाही. पण तुला माझ्यापेक्षा पुढचं दिसतं. तुझं काही वेगळं असेल, तर आम्हाला त्याच्या आड उभं राहू देऊ नकोस. तो राहावा, पाय राहिला नाही तरी. आणि तोही राहणार नसेल, तर यावेळी आम्ही गाणं म्हणणार नाही. त्याला जे बोलायचंय ते बोलू देऊ. मी भ्यालेय, बापा. तुझ्या मनात आहे तसं कर."

आमेन त्यांनी म्हटलं नाही. ते दादानं म्हणायचं होतं.

पायवाले आपल्या पायाकडे बघत होते. कित्येक दिवसांनी बघत होते. हजारो पाय बघितलेला माणूस, पण स्वतःच्या पायात मोजे चढवताना यानं नजर छताला लावलेली असे, हे वहिनींनी पाहिलं होतं.

"मला त्या दांड्यांमधे उभं राहायचं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मला गिऱ्हाईक व्हायचं नाही, ठमे." आवाज चिरका निघाला; तो खाकरून त्यांनी जागेवर आणला. "मी त्यांना म्हणतो, पाऊल टाका, काही होत नाही. सगळ्यांना म्हणतो. मला काय माहीत काही होतं का नाही? मी कधी टाकलंय? माणसं रडतात तिथे. मी पाठ करून पट्ट्या शोधल्यासारखं करतो. पट्ट्या समोरच असतात."

बोलता बोलता त्यांनी दांड्यांकडे हात केला आणि तिथे गवंडी उभा असल्याचं घराला पुन्हा आठवलं. गवंडी अवघडला. काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं.

"मला पण नव्हतं व्हायचं, साहेब," तो म्हणाला. "आता बांधून द्याल का कुणी? जरा घसरतोय."

चिरंजीव चटकन उठले, गुडघे टेकून बसले आणि त्यांनी गवंड्याचे पट्टे आवळले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "बॅग भरून ठेवलीय."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा आमेन म्हणालात ना, त्याच्या आधी."

पायवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "आणि तरी माझ्याबरोबर आमेन म्हणालीस?"

"तुमचा मान राखायला म्हटलं. बॅग तुम्हाला राखायला भरली."

पायवाले हसले नाहीत, पण त्यांच्या मिश्या हलल्या, आणि या घरात एवढं पुरत असे. "त्या सर्जनबाईंना फोन लाव," ते सूनबाईंना म्हणाले. "मला बोलायचंय."

फोन लागला. सूनबाईंनी तो त्यांच्या कानाला लावला आणि सगळी मंडळी, गवंड्यासकट, पुढे झुकली.

"बाई, मी पाय बनवणारा. हो, तोच. येतोय मी. एक मागणं आहे. गुडघा ठेवा. आणि गुडघ्याखाली चांगली वीतभर नळी ठेवा, हाडाचं टोक गोल घासा, म्हणजे पाय बसवताना टोचणार नाही. गुडघा असला की माणूस जिना चढतो, नसला की जिना माणसाला चढतो. तेवढं हवंय मला." मग ते ऐकत राहिले. पलीकडून बाई बराच वेळ बोलत होत्या. पायवाल्यांची मान हळूहळू खाली गेली. "आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बरं. रक्त कुठवर पोहोचतंय त्यावर आहे. बरं." मग ते म्हणाले, "मी माझं मागून ठेवलंय. आत गेल्यावर तुम्हाला जे दिसेल ते मला इथून दिसत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

फोन ठेवून ते तसेच बसून राहिले. आपल्या तोंडून काय निघालं हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. पाळककाकांच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. त्यांनी बोट वर केलं, घसा साफ केला, आणि यातून घेण्यासारखा बोध सांगायला तोंड उघडलं. आत्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बोट खाली गेलं.

"बाईंना तरी म्हणालास," आत्या भावाला म्हणाल्या.

पायवाल्यांनी डोळे मिटले. "गुडघा मला हवाय," ते म्हणाले. कुणाशी बोलताहेत हे विचारायची गरज नव्हती. "तुला माहीतच आहे. नाही ठेवलास तर रागावेन मी, तेही तुला माहीत आहे. पण मी येतोय." गंजलेला स्क्रू फिरायच्या आधी जसा कुरकुरतो तसा काहीसा आवाज त्यांच्या घशातून आला. "तुझी इच्छा असेल तसं."

आमेन कुणी कधी म्हटलं, कुणाचं मागे राहिलं, कुणाचं पुढे गेलं, हे या खेपेला कुणी मोजलं नाही.

गाडीत बसायचा एक वेगळाच तंटा झाला. पायवाल्यांना पुढे बसायचं होतं आणि पाय पुढे मावत नव्हता. शेवटी ते मागच्या सीटवर आडवे पसरले, डोकं वहिनींच्या मांडीवर आणि पाय आत्यांच्या मांडीवर. पुढे सूनबाई गाडी चालवत होत्या, शेजारी चिरंजीव बॅग पोटाशी धरून बसले होते. पाळककाका गवंड्याला घरी पोचवायला मागे राहिले होते. निघताना त्यांनी 'वाटेत आपण थोडी प्रार्थना करू' असं गवंड्याला म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि सगळ्यांना गवंड्याची दया आली होती.

"ए," पायवाले मागून म्हणाले, "माझा पाय तू करायचास."

चिरंजीवांनी बॅग आणखी आवळली. "मी? बाबा, मोठ्या शहरातून मागवू की. तिकडे यंत्रावर करतात."

"तू करायचास. साच्यापासून शेवटच्या हातापर्यंत. मी बोट लावणार नाही."

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं तर माझा हात थरथरेल."

"थरथरू दे. मी खोड्या काढीन, टोचतंय म्हणेन, वाकडा आहे म्हणेन. माझ्यासारखं गिऱ्हाईक तुला पुन्हा मिळणार नाही."

"देव करो आणि तसंच होवो," चिरंजीव पुटपुटले. गाडीत पहिल्यांदाच सगळे हसले. सूनबाईंना सिग्नल दिसला नाही, त्यांनी करकचून ब्रेक दाबला, पाय हलला, पायवाले ओरडले आणि वहिनींनी सूनबाईंना देवाचं नाव न घेता चार शब्द सुनावले. एकंदरीत घर ताळ्यावर आलं होतं.

चिरंजीव मागे वळले. "करीन," ते म्हणाले. त्यांचा रंग उडालेला होता, पण नजर त्यांनी खाली घातली नाही. "करीन मी. पण मग तुम्ही खरंच बोट लावायचं नाही."

"बघू," पायवाले म्हणाले.

"बघू नाही, बाबा. शब्द द्या."

आत्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. चामड्यावर खिळे मारतानाचा होता. या पोरानं तो कुठून उचलला, हे त्यांनी मनाशी विचारलं आणि उत्तरावर खूश झाल्या.

"दिला," पायवाले म्हणाले.

रुग्णालयाच्या दाराशीच एक व्हीलचेअर ठेवलेली होती. पायवाल्यांनी हातानंच सगळ्यांना बाजूला केलं, गाडीच्या दाराला धरून ते उतरले आणि डाव्या पायावर उभे राहिले. व्हीलचेअरकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, दुसऱ्या कारागिराच्या मालाकडे बघावं तसं. मग बसले. सूनबाई कागद करायला पुढे धावल्या, वहिनी आणि चिरंजीव बॅगेवरून वाद घालत त्यांच्यामागे गेले. आत्यांनी व्हीलचेअरच्या मुठी धरल्या.

व्हरांडा लांब होता. चार पावलांत आत्यांच्या मनगटाला कळलं की व्हीलचेअरचं एक चाक खराब आहे आणि ती डावीकडे ओढते आहे. त्यांना कळलं म्हणजे दादाला त्याआधीच कळलं असणार. पुढ्यातलं पांढरं डोकं किंचित डावीकडे कललं. आयुष्यात या माणसानं वाकडी चालणारी वस्तू दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिली नव्हती, मग ती दुसऱ्याच्या मालकीची का असेना. आत्ता तो थांब म्हणेल, वाकेल, पाना मागेल आणि रुग्णालयाला शिस्त लावूनच आत जाईल, अशी मनाची तयारी करून आत्यांनी पाऊल आखडलं.

डोकं सरळ झालं. चाकाच्या कडीवर गेलेले दोन्ही हात पायवाल्यांनी उचलून मांडीवर घेतले.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "ने तू."

आणि आत्या डाव्या हातावर जास्त जोर देत, व्हीलचेअर सरळ ठेवत, व्हरांड्याच्या टोकाच्या दाराकडे निघाल्या.